ऑर्डर आमची, कुलूप कुणाचं?

शिवणरेघ

नमस्कार. थोडं सविस्तर लिहिते आहे, कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच मिळतील.

तयार कपड्यांच्या एका ब्रँडच्या खरेदी विभागात मी अकरा वर्षं मर्चंडायझर आहे. कुठला माल कुठल्या व्हेंडरकडे शिवायचा, काय भावाने, किती दिवसांत, हे माझ्या टेबलावर ठरतं. कारखाने आमचे नाहीत, एकही नाही. आम्ही पीओ (खरेदीची ऑर्डर) काढतो, कापड-बटणं-लेबलं मंजूर करतो आणि माल तपासून घेतो.

या हंगामात पांढऱ्या शर्टांची एक ऑर्डर होती, १८ हजार नगांची. व्हेंडर जुना, कामाला चोख. ऑर्डर लाइनवर चढल्यावर आमच्या विक्री विभागाने आकडा २४ हजारांवर नेला. त्याच सुमारास बटणाच्या रंगाची मंजुरी आमच्याच ऑफिसात ९ दिवस अडकली. मी व्हेंडरला मेल केला: नग वाढले आहेत, शिपमेंटची तारीख तीच राहील, उशीर झाल्यास माल तुमच्या खर्चाने विमानाने पाठवावा लागेल. चार तासांनी उत्तर आलं, "ओके मॅडम." मला हायसं वाटलं आणि मी पुढच्या कामाला लागले.

इनलाइन तपासणीला (माल शिवला जात असतानाच्या) मी ठरल्यापेक्षा एक दिवस आधी गेले. लाइनवर आमचा माल होता, पण हवा तेवढा नव्हता. अकरा वर्षांनंतर एवढा अंदाज नुसत्या नजरेनेही येतो. बाकीचे बंडल कुठे आहेत विचारलं, तर प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले धुलाईला गेलेत. या शर्टांना धुलाई नव्हतीच. मी काही बोलले नाही, तेही गप्प झाले. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "चला, दाखवतो. लपवून मलाच झोप लागत नाहीये."

दुसऱ्याच एका युनिटचा तिसरा मजला. खाली फोमच्या गाद्यांचं गोदाम. जिना एकच, आणि तोही समोरून कुणी आलं तर अंग चोरून भिंतीला टेकावं लागेल एवढा. प्रत्येक वळणावर खोकी रचलेली, खोक्यांवर आमच्या ब्रँडचं नाव. वर ३८ मशीन, कामाला बहुतेक बायका. मागच्या भिंतीला लोखंडी दार, त्यापलीकडे बाहेरून खाली उतरणारी शिडी. दाराला पितळी कुलूप. मी चावी मागितली. ओव्हरलॉकच्या मशीनवर बसलेली बाई मान वर न करता म्हणाली, "चावी दादांकडे असते. दादा बाहेर गेलेत." दाराखालच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. वाकून बघितलं, तर आमच्याच शर्टाच्या कापडाच्या कतरणी. बाहेरची धूळ येऊन पांढऱ्या कापडावर डाग पडू नयेत म्हणून. डाग दिसला की आमचा क्यूसी (माल तपासणारा) नग बाद करतो. तो नियम मीच लिहिलेला आहे.

आता अडचण अशी. कंपनीचं धोरण स्पष्ट आहे: परवानगीशिवाय बाहेर काम दिलं तर व्हेंडर बंद. मी लेखी कळवलं की दोन्हीकडचं काम थांबेल, आणि त्या ३८ जणी उद्या कुठे बसतील ते मला माहीत नाही. नाही कळवलं, तर ते कुलूप मी बघून गप्प बसले असा त्याचा अर्थ. आमच्या संचालकांना मी तोंडी एवढंच विचारलं की अशा जागेची जबाबदारी आपल्यावर येते का. ते म्हणाले, "आचारसंहितेवर व्हेंडरची सही आहे." ती आचारसंहिता १४ पानांची आहे आणि त्यात आपत्कालीन दारांवर एक आख्खा परिच्छेद आहे.

या धंद्यातले, कायद्यातले, ऑडिटमधले कुणी असाल तर मनापासून विचारते: जी जागा आपली नाही, जे कामगार आपल्या पटावर नाहीत, जिथे काम गेल्याचं आपल्याला सांगितलंही नव्हतं, तिथली किती जबाबदारी माल घेणाऱ्या कंपनीची? आणि आत्ता, या आठवड्यात, मी काय करावं?

सरळसोट

लेखी कळवा. आजच. व्हेंडर बंद झाला तर होऊ दे. काम दुसरं मिळतं, जीव मिळत नाही. उद्या तिथे काही झालं तर तुम्ही हे इथे लिहिलंत ही आठवण तुम्हाला जगू देणार नाही.

बॉबिनवाला

ताई, मी तुमच्या पलीकडच्या टोकाला आहे. १९ वर्षं शिलाईचं युनिट चालवतो, आधी नुसतं जॉबवर्क, आता थेट ऑर्डरही घेतो. कुलूप मीही लावलेलं आहे. म्हणून ते का लागतं ते आधी सांगतो. त्याचं समर्थन करायला म्हणून सांगत नाहीये. कारण कळल्याशिवाय ते निघणार नाही.

मागच्या दाराने माल जातो. एक बंडल गेलं की नग कमी भरतात, कमी भरले की डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याचा कागद) येते, आणि ती फक्त शिलाईची नसते, कापडासकट पूर्ण शर्टाची असते. शंभर शर्टांच्या शिलाईत जे सुटतं ते दहा शर्टांच्या डेबिटमध्ये जातं. मालक काही आग लागावी म्हणून कुलूप लावत नाही. त्याला आग दिसतच नाही, डेबिट नोट दिसते. मलाही तेव्हा तीच दिसायची, आणि आज त्याची लाज वाटते.

आता तुमच्या मेलचं गणित करतो. साध्या पूर्ण बाहीच्या शर्टाला शिलाईची २२ मिनिटं धरा. ६ हजार जादा नग म्हणजे १ लाख ३२ हजार मिनिटं, म्हणजे २,२०० तास. लाइन १०० टक्के कधीच चालत नाही, चांगली लाइन ६० टक्के देते. म्हणजे झाले जवळजवळ ३,६७० तास. आठ तासांच्या पाळीने ४० मशीनच्या लाइनला साडेअकरा दिवस. वर बटणांचे ९ दिवस. ते पूर्ण वाया जात नाहीत, कारण बटण शेवटी लागतं. पण काज-बटण, इस्त्री, पॅकिंग हे सगळं मग शेवटच्या आठवड्यात एकावर एक येऊन पडतं. तुम्ही एका मेलमध्ये दोन आठवड्यांचं काम जास्त दिलंत आणि दिवस एकही दिला नाहीत. त्या माणसाला ३८ मशीनचीच जागा शोधावी लागली, ३० ची चालली नसती आणि ५० ची परवडली नसती. तुमचा हिशेब त्याने दुसऱ्याच्या छपराखाली पूर्ण केला.

हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून लिहितो. मला आजवर एकाही खरेदीवाल्याने "जमेल का" असं विचारून उत्तराची वाट बघितलेली नाही. "जमवा" एवढंच येतं, आणि नाही म्हणणाऱ्याला पुढच्या हंगामात बोलावणं येत नाही.

सरळसोट, तुमची तळमळ पटते, पण व्हेंडर बंद केल्यावर काय होतं ते मी भोगलंय. एका बायरने मला असंच एका पत्राने बंद केलं होतं. माझ्याकडे ३१ कारागीर होते. दोन महिन्यांनी मी पुन्हा उभा राहिलो तेव्हा १२ परत आले. बाकीचे जिथे गेले तिथे मी नंतर जाऊन बघितलं. त्या जागेला मागचं दारच नव्हतं.

माझं कुलूप कसं निघालं ते सांगतो. दुसरा एक बायर आला, त्यांचा इंजिनीअर आला. त्याने दाराला आडवी दांडी बसवायला सांगितली. आतून अंगाने ढकललं की दार उघडतं, बाहेरून उघडत नाही, आणि उघडलं की मोठ्याने घंटा वाजते. चोरीचाही प्रश्न सुटला, कारण घंटा सगळ्या मजल्याला ऐकू जाते. निम्मा खर्च त्यांनी दिला आणि पुढच्या दोन हंगामांचं काम लिहून दिलं. त्या लिहून दिलेल्या कागदावर मी उरलेला निम्मा खर्च उचलू शकलो.

चेकलिस्ट

सात वर्षं सामाजिक ऑडिट, म्हणजे कारखान्यात कामगारांना कसं वागवतात याची तपासणी केली, मग सोडलं. का सोडलं ते यात येईलच.

तुमच्या मुख्य व्हेंडरकडे ऑडिट झालं असणार आणि तो पास असणार, यात मला शंका नाही. ऑडिटरला मुख्य कारखान्याचा पत्ता मिळतो, तारीख बहुधा आधी कळवलेली असते, आणि दिवस असतात दोन. त्यात हजेरीपट, पगारपत्रकं, वयाचे दाखले, अग्निशामक सिलिंडरवरच्या तारखा, दारं, कामगारांशी बोलणं, सगळं बसवायचं. ज्या छपराखाली जादा ६ हजार नग गेले ते आमच्या कागदावर नसायचंच. मी असे कितीतरी कारखाने पास केले, जिथली मशीन आणि महिन्याचं उत्पादन यांचा मेळ बसत नव्हता. दिसत होतं. पण तो रकाना फॉर्ममध्ये नव्हता.

कराचीच्या बलदिया भागातला अली एंटरप्रायझेस हा कपड्यांचा कारखाना ११ सप्टेंबर २०१२ रोजी जळाला. २५० हून जास्त माणसं गेली. खिडक्यांना गज होते, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. त्या कारखान्याला एसए ८००० हे कामगारांच्या परिस्थितीबद्दलचं नावाजलेलं प्रमाणपत्र आग लागायच्या काही आठवडेच आधी मिळालेलं होतं. पुढे २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने ही आग खंडणीसाठी लावलेली होती असा निकाल दिला आणि दोघांना फाशीची शिक्षा सुनावली. हा निकाल दाखवून मला अनेकांनी सांगितलं की मग कारखान्याचा काय दोष. आग कुणी लावली हा एक प्रश्न आहे. अडीचशे माणसं खाली का उतरू शकली नाहीत हा दुसरा आहे, आणि त्याचं उत्तर आग लावणाऱ्याकडे नाही.

सात महिन्यांनी ढाक्याजवळ सावरला राना प्लाझा पडला. २४ एप्रिल २०१३. आठ मजली इमारत, १,१३४ मृत्यू. भेगा आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या लोकांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर यायला लावलं, न आल्यास पगार कापायची धमकी देऊन. एकाच इमारतीत येणाऱ्या दोन प्रकारच्या माणसांपैकी बँकेचा कर्मचारी घरी राहू शकला आणि शिलाई करणारी राहू शकली नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं पान उलटू शकलो नाही. बँकेच्या माणसाच्या मानेवर शिपमेंटची तारीख नव्हती, एवढाच माझ्या लेखी त्यांच्यातला फरक.

तिथल्या काही कारखान्यांची सामाजिक ऑडिटही झालेली होती. ऑडिटर खांब तपासत नाही, ते त्याचं कामच नव्हतं. म्हणून त्यानंतर जे घडलं ते महत्त्वाचं आहे. मे २०१३ मध्ये ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात एक करार झाला, त्याला सगळे 'अकॉर्ड' म्हणतात. २०० हून जास्त ब्रँडनी त्यावर सह्या केल्या, १,६०० हून जास्त कारखाने त्याखाली आले. प्रत्येक ठिकाणी बांधकामाचे, विजेचे आणि आगीचे इंजिनीअर गेले आणि त्यांचे अहवाल जगासमोर ठेवले गेले. कुलूप लागणारी दारं काढणं हे तर सुरुवातीलाच करून घ्यायच्या कामांत होतं.

ताई, तुमच्या कोंडीचं उत्तर त्याच करारात आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. त्यात ब्रँडने नुसतं तपासून जायचं नव्हतं. दुरुस्ती कारखान्याला परवडेल अशा अटी आणि भाव ठरवणं ब्रँडवर बंधनकारक होतं. दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवावा लागला तर कामगारांची नोकरी आणि पगार सहा महिन्यांपर्यंत चालू राहील हे बघायचं होतं. जागा धोक्याची वाटली तर काम नाकारायचा हक्क कामगाराला होता. आणि व्हेंडरशी संबंध तोडणं हे शेवटचं पाऊल होतं, आधी सूचना, मग ताकीद, मग ते. तुमच्या धोरणात ते पहिलं आणि एकमेव पाऊल आहे. कळवलं की हात झटकायचे अशी ज्या धोरणाची रचना, त्यात कुणी कळवत नाही. तो मॅनेजर तुम्हाला धुलाई का म्हणाला? कारण खरं बोलायची शिक्षा आणि सापडल्याची शिक्षा एकच आहे.

आणखी एक. हा करार न्यायालयात टिकेल असा होता. दोन ब्रँडवर कामगार संघटनांनी हेगच्या लवादात दावे लावले, दोन्ही मिटले, आणि २०१८ च्या जानेवारीत त्यातल्या एका ब्रँडने २३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, त्यातले २० लाख कारखान्यांच्या दुरुस्तीसाठी. तुमच्या १४ पानांवर फक्त व्हेंडरची सही आहे. कंपनीची सही कुठे आहे, आणि कशावर आहे, ते एकदा बघा.

पोटकलम

कायद्याच्या बाजूने दोन-तीन गोष्टी.

कायदा शतकभर एकाच जागी अडखळतो आहे: "माहीत होतं का?" न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत २५ मार्च १९११ रोजी १४६ जण गेले, बहुतेक तरुण मुली. नवव्या मजल्यावरचं एक दार बंद होतं. मालक चोरीचंच कारण सांगत होते, बॉबिनवाल्यांनी वर सांगितलं तेच. खटल्यात ज्युरींपुढचा प्रश्न असा होता की त्या क्षणी दार कुलूपबंद आहे हे मालकांना माहीत होतं का. ते सिद्ध झालं नाही, दोघेही मालक सुटले. दोन वर्षांनी त्यांतल्या एकाला दुसऱ्या जागी पुन्हा दार बंद ठेवल्याबद्दल दंड झाला. २० डॉलर. म्हणजे तुरुंगाच्या दारातून परत आलेला माणूसही कुलूप सोडत नाही, जोवर त्याच्या धंद्याचा हिशेब बदलत नाही. त्या आगीनंतर न्यूयॉर्क राज्याने कारखान्यांचे कायदे बदलले, पण ते कारखाना मालकासाठी. तेव्हा मालक आणि माल घेणारा यांच्यात आजच्याइतके थर नव्हते.

हे थर ओलांडायचा एक गंभीर प्रयत्न म्हणजे २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने स्वीकारलेली उद्योगांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं. जॉन रगी यांनी ती मांडली. त्यात कंपनीचं नुकसानीशी असलेलं नातं तीन प्रकारचं धरलंय: नुकसान तिने स्वतः केलं, तिने त्याला हातभार लावला, किंवा ते फक्त तिच्या मालाशी जोडलेलं आहे. पहिल्या दोन प्रकारांत नुकसान भरून देण्यात वाटा उचलणं हे तिच्यावर येतं. तिसऱ्यात निदान आपलं वजन वापरून ते थांबवणं येतं.

तुमचे संचालक बहुधा स्वतःला तिसऱ्यात मोजत आहेत. पण या तत्त्वांचा अर्थ सांगणारी जी पुस्तिका मानवी हक्क उच्चायुक्तांच्या कार्यालयाने काढली, तिच्यात 'हातभार' कशाला म्हणायचं याची उदाहरणं आहेत. त्यातलं एक असं: आयत्या वेळी मागणी बदलायची, मुदत आणि भाव तोच ठेवायचा, आणि त्यामुळे पुरवठादाराला कामगारांचे नियम मोडून माल द्यावा लागायचा. शिवणरेघ, हे वाचून तुमचा मेल पुन्हा वाचा. तुमची कंपनी दुसऱ्या प्रकारात बसते. तसंच, संबंध तोडण्याने कामगारांचं आणखी वाईट होईल का याचा विचार आधी करावा, हेही त्याच तत्त्वांत आहे. तुमचं "लगेच बंद" हे धोरण कडक दिसतं, पण या मोजमापाने ते कमी पडतं.

ही तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे. पण फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर पुरवठ्याच्या साखळीची दक्षता घेणं कायद्याने घातलं, जर्मनीचा तसा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. त्याआधी बलदियाच्या पीडितांनी त्या कारखान्याच्या मुख्य जर्मन ग्राहक कंपनीवर डॉर्टमुंडला दावा लावला होता. तो २०१९ मध्ये मुदत उलटल्याच्या मुद्द्यावर फेटाळला गेला, जबाबदारीचा मुद्दा निकालात आलाच नाही. कंपनीने त्याआधी ५१.५ लाख डॉलर भरपाई द्यायचं मान्य केलं होतं, ते वाटाघाटीतून.

सीएसआरबद्दल (कंपन्यांचा सामाजिक कामावरचा खर्च) कुणी म्हणेल म्हणून आधीच लिहितो. भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ ने ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर लावायला सांगितली आहे. पण धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारात येणारा खर्च त्यात धरता येत नाही. हे मला योग्य वाटतं. शाळा बांधणं चांगलं आहे, पण जिन्यातली खोकी हटवणं हे दानात मोडत नाही. तो मालाच्या किमतीचाच भाग आहे, जो आजवर कुणी भरला नव्हता.

शिवणरेघ

सगळ्यांचे आभार. बॉबिनवाला, तुमचा प्रतिसाद मी त्या रात्री तीनदा वाचला. ६ हजार गुणिले २२ हे गणित करायला मला दहा सेकंद लागली असती. अकरा वर्षांत मी ते व्हेंडरच्या बाजूने एकदाही केलं नव्हतं, भावाची घासाघीस करताना मात्र रोज करते.

काय केलं ते लिहिते.

लेखी कळवलं. पण "व्हेंडरने नियम मोडला" असं लिहिलं नाही. चार गोष्टी तारखेनुसार मांडल्या: नग वाढल्याची तारीख, बटण मंजुरीचे ९ दिवस, माझा मेल जसाच्या तसा, आणि मग तो जिना. शेवटी ते साडेअकरा दिवसांचं गणित. पोटकलम यांनी सांगितलेले तीन प्रकारही लिहिले आणि आपण दुसऱ्यात आहोत असं माझं मत म्हणून खाली सही केली. सही करताना हात थरथरत होता हे खरं आहे.

संचालकांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग बोलावलं. पहिलं वाक्य, "हे मेलवर कशाला टाकलंत?" मी म्हटलं, कारण माझा आधीचाही मेलवरच आहे. त्यानंतर तासभर बोलणं झालं आणि ते मी समजले होते तितके कठोर नाहीत. विक्री विभागाला त्यांनी तिथूनच फोन लावला. ६ हजार नग वेगळ्या शिपमेंटमध्ये जातील, १२ दिवस उशिरा, विमानाची अट काढली. ही तारीख हलूच शकत नाही असं मला तीन आठवडे सांगितलं जात होतं. ती एका फोनवर हलली. याचा मला आनंद झाला की राग आला ते अजून ठरवता येत नाही.

व्हेंडर बंद केलेला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या युनिटचं काय करायचं हे इंजिनीअर बघून आल्यावर ठरेल. तोवर तिथलं आमचं काम थांबवलंय आणि त्या बायकांचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, आम्ही आणि व्हेंडर मिळून देतोय, पण फक्त तीन आठवडे. मी सहा महिने मागितले होते, अकॉर्डचा दाखला देऊन. "आपण त्यावर सही केलेली नाही" हे उत्तर आलं. चेकलिस्ट, तुमचा प्रश्न मला तिथेच आठवला. आमच्या कंपनीची सही खरंच कशावरच नाही.

धोरण बदलायचं अजून कुणी नावही काढत नाही. व्हेंडरने स्वतःहून सांगितलं तर शिक्षा नाही, आणि नग वाढले तर दिवस वाढलेच पाहिजेत, एवढ्या दोनच ओळी मला त्यात हव्या आहेत. त्या लिहून ठेवल्या आहेत. दर महिन्याच्या बैठकीत मांडणार आहे, मंजूर होईपर्यंत.

काल परत जाऊन आले. कुलूप नाही. कडी-कोयंडा उपसून काढलाय, दारात चार भोकं दिसतात आणि त्यातून उजेड आत येतो. कतरणी अजून फटीत आहेत. ओव्हरलॉकवाल्या बाई रोज घ्यायला आल्या होत्या, त्यांनी मला ओळखलं. "काम परत कधी?" एवढंच विचारलं. कुलपाबद्दल काही बोलल्या नाहीत. पहिल्या वळणावरची खोकी गेलीत, दुसऱ्या वळणावरची तिथेच आहेत.

सरळसोट

मी आधी लिहिलं ते मागे घेत नाही, पण त्यात रोजाचा विचार केला नव्हता. तीन आठवडे संपायच्या आत परत लिहा.

बॉबिनवाला

ताई, इंजिनीअर कधी येतोय? तो यायच्या आधी एक काम करा. इस्त्रीची टेबलं विजेच्या कुठल्या लाइनवर आहेत ते विचारा. शिलाईच्या मशीनच्याच बोर्डावरून वायर ओढली असेल, तर ती आधी तोडायला लावा. अशा जागी मुख्य बोर्ड बहुतेक वेळा जिन्यातच असतो, दुसऱ्या वळणावर, खोक्यांच्या मागे. ती खोकी हलवून बघा.